घरातून सिलिंडर नेला तर सात वर्षे, खाते रिकामे केले तर तीन : संगणकीय चोरीचा कायदा आणि आपले तरुण

समजा, वस्तीतल्या एका घरात शिरून कोणी गॅस सिलिंडर उचलून नेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 प्रमाणे राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. आता समजा, त्याच घरातल्या आईच्या खात्यात रमाई घरकुलाचा हप्ता जमा झाला आणि कोणीतरी तिचा पासवर्ड वापरून तो परस्पर वळता केला. यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66-सी हे कलम आहे. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे, दंड एक लाखापर्यंत आणि गुन्हा जामीनपात्र.

तिसरी शक्यताही पाहा. त्या आईचे पैसे ज्या खात्यात गेले, ते खाते शेजारच्या तालुक्यातल्या एका बेरोजगार पोराचे निघाले. "खाते वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील" असे त्याला कोणीतरी सांगितले होते. पोलीस आधी त्याच्या दारात जातात. ज्याने हे सगळे घडवून आणले, तो कुठल्या राज्यात आहे की देशाबाहेर, हे कोणालाच माहीत नसते.

कायदा संगणकीय चोरीकडे कसा पाहतो हे समजून घ्यायचे असेल, तर या तीनही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतील. रक्कम लहान नाही. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी 2023 मध्ये 7,465 कोटी रुपये गमावले होते. 2024 मध्ये हा आकडा 22,845 कोटींवर गेला.

चोरी म्हणजे नेमके काय?

1860 च्या भारतीय दंड संहितेने चोरीची व्याख्या केली, तेव्हा डोळ्यांसमोर बैल, धान्य, दागिने होते. चोरी सिद्ध व्हायला वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नको, नेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक हवा आणि त्यासाठी वस्तू जागची हललेली हवी. त्यातही जंगम मालमत्ता म्हणजे 'मूर्त' मालमत्ता, असे कलम 22 सांगत होते.

संगणकातल्या माहितीची अडचण इथेच होती. कोणी कंपनीची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, तर मूळ फाइल जिथे होती तिथेच राहते. काही हललेच नाही, मग चोरी कुठे झाली?

हा पेच नवा नाही. विजेच्या तारेवर आकडा टाकणे याला आपण सरळ वीजचोरी म्हणतो. पण 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीज ही दंड संहितेच्या अर्थाने जंगम मालमत्ता नाही. ती चोरी ठरते ती वीज कायद्याने तसे मानायला सांगितले म्हणून. जुन्या व्याख्येत न बसणाऱ्या गोष्टीसाठी वेगळा कायदा करायचा, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. संगणकाबाबतही 2000 साली हेच झाले.

दरम्यान न्यायालयेही पुढे सरकली. मे 2019 मध्ये एका उद्योगसमूहाच्या कागदपत्रांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कागद थोड्या वेळासाठी नेऊन त्यातील माहितीची नक्कल केली, तरी ती चोरीचा विषय होऊ शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेने जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून 'मूर्त' हा शब्दच काढून टाकला. एका शब्दाचा हा बदल मोठा आहे. डेटाची चोरी ही साधी 'चोरी' म्हणूनही नोंदवता येईल, असा युक्तिवाद करायला आता जागा झाली आहे. मात्र वस्तू 'हलवण्याची' अट कलम 303 मध्ये तशीच आहे, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा न्यायालयात जाणारच.

आपल्याला पंचशीलातले दुसरे शील लहानपणापासून पाठ आहे. त्यातला शब्द आहे अदिन्नादान, म्हणजे न दिलेले घेणे. तिथे वस्तू हलली की नाही हा प्रश्नच येत नाही. दिलेले नव्हते आणि घेतले, एवढे पुरते. कायद्याला याच ठिकाणी पोहोचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली आणि तो अजूनही अर्ध्या वाटेवर आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याची रचना

या कायद्याचा पाया आहे कलम 43. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे, डेटा उतरवून घेणे किंवा त्याची नक्कल करणे, व्हायरस सोडणे, माहिती नष्ट करणे किंवा बदलणे, सोर्स कोड चोरणे, ही सगळी कृत्ये त्यात येतात. पण कलम 43 फक्त नुकसानभरपाईचे आहे. हीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली, तर कलम 66 लागू होते आणि तो फौजदारी गुन्हा ठरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

2008 च्या दुरुस्तीने आणखी कलमे आली. चोरीचा संगणक, मोबाइल किंवा संगणकीय साधन जाणूनबुजून घेणे हा 66-बी खाली गुन्हा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड, डिजिटल सही किंवा ओळखीची खूण वापरणे 66-सी मध्ये येते. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून संगणकाद्वारे ठकवणे 66-डी मध्ये येते. या सगळ्यांना कमाल शिक्षा तीन वर्षेच आहे आणि हे सर्व गुन्हे दखलपात्र पण जामीनपात्र आहेत. शिवाय कलम 78 नुसार तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. नियम चांगल्या हेतूने केला असेल, पण ग्रामीण ठाण्यात अनेकदा निरीक्षकच नसतो. सहायक निरीक्षक ठाणे सांभाळतो. मग तक्रारदाराला जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडे धाडले जाते. एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडवून किती जण तिथवर जातील?

एकच कृत्य, तीन भाव

खरी गोम पुढे आहे. फसवून पैसे काढल्याच्या प्रकरणात पोलीस 66-डी सोबत न्याय संहितेचे कलम 318(4), म्हणजे ठकवणूक, लावतात. त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटणार की महिनोन्‌महिने आत राहणार, हे पोलीस कोणते कलम जोडतात त्यावर ठरते.

2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. कंपनीचा डेटा नेल्याच्या आरोपाखाली कर्मचाऱ्यांवर दोन्ही कायद्यांची कलमे लावली होती. त्या कृत्याचे सगळे घटक माहिती तंत्रज्ञान कायद्यात येत असतील, तर त्याच कृत्यासाठी दंड संहितेची कलमे वेगळी चालवता येणार नाहीत, असे सांगून न्यायालयाने ती कलमे रद्द केली. चांगला वकील उभा करू शकणाऱ्यांना हा युक्तिवाद उपयोगी पडतो. ज्याची बाजू मांडायला कोणी नसते, त्याच्यासाठी निकाल असून नसल्यासारखा.

न्याय संहितेने यात तिसरा भाव आणला आहे. कलम 111 मध्ये संघटित गुन्हेगारीच्या यादीत 'सायबर गुन्हे' हे शब्द घातले आहेत. किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप आणि किमान पाच लाख दंड. त्यासाठी मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रांची अट आहे, हे खरे. पण आर्थिक गुन्हा म्हणजे काय हे त्या कलमात समजावून सांगितले आहे. सायबर गुन्हा म्हणजे काय हे मात्र कुठेच सांगितलेले नाही. टोळी मानायला दोन माणसे पुरतात.

व्याख्या न करता शिक्षा वाढवली की काय होते, हे आपण 66-ए च्या वेळी पाहिले आहे. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले, कारण त्यातले शब्द इतके मोघम होते की त्यात काहीही बसवता येत होते.

सापडतो कोण?

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून सुमारे 94 कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनी 28 देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. ते प्रामुख्याने भारतात कार्डे वापरून रोकड काढणाऱ्या साखळीतले होते. मालवेअर लिहिणारा हात त्या पिंजऱ्यात नव्हता.

लहान प्रकरणांतही हेच घडते. पैसा पाच-सहा खात्यांतून फिरतो आणि ती खाती भाड्याची असतात. बेरोजगार, विद्यार्थी, मजूर यांची. न्याय संहितेच्या कलम 317 ने 'चोरीच्या मालमत्ते'त आता ठकवणुकीने मिळवलेली मालमत्ताही घेतली आहे. जुन्या संहितेत ती नव्हती. असा पैसा अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो चोरीचा आहे हे त्याला पक्के माहीत असावे लागत नाही. तसे मानायला कारण होते, एवढे सिद्ध झाले तरी पुरते. काही काम न करता महिन्याला पाच हजार मिळतात, हेच ते कारण, असे सरकारी वकील म्हणणार. "मला माहीत नव्हते" हे उत्तर तिथे तोकडे पडते.

आणि गुन्हा सिद्ध होण्याआधीच खाते गोठते. त्याच खात्यात शिष्यवृत्ती येत असेल तर तीही अडकते. पोलीस पडताळणीत नाव निघाले की नोकरी लांबते. म्हणून आपल्या अभ्यासिकांत, वसतिगृहांत, विहारांत हे एक वाक्य स्पष्ट सांगितले पाहिजे: खाते, एटीएम कार्ड, सिम आणि केवायसीची कागदपत्रे कोणालाही भाड्याने द्यायची नाहीत. मित्र असला तरी नाही, नातलग असला तरी नाही.

कार्यकर्त्यांसाठी दोन गोष्टी

पहिली, भ्रष्टाचार उघड करण्यासाठी कार्यालयाच्या संगणकातून यादी उतरवून घेणे. कलम 43 मध्ये जनहितासाठी सूट नाही. भरपाईचा दावा होऊ शकतो. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. 2019 च्या त्या निकालातही, कागदपत्रे न्यायालयात पुरावा म्हणून वापरली यावरून अप्रामाणिक हेतू ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. तरीही माहिती अधिकाराचा रस्ता उपलब्ध असताना दुसऱ्याच्या लॉगिनने शिरण्याचा धोका पत्करू नका.

दुसरी, तुमचाच संगणक जप्त झाला तर. एल्गार परिषद प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने 2021 च्या अहवालात म्हटले की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून शिरकाव करून फाइली ठेवल्या गेल्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. पण धडा सर्वांसाठी आहे. संगणकातून काही नेणे जसा गुन्हा, तसे त्यात गुपचूप काही ठेवणेही गुन्हाच. जप्तीच्या वेळी हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या क्षणी उपकरणात काय होते याचा आकडी ठसा, लेखी मागा. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात ती नोंदवावीच लागते. झडती व जप्तीचे चित्रीकरण करणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार बंधनकारक आहे.

पैसे गेले तर

लगेच 1930 वर फोन करा. पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबला तरच परत मिळण्याची आशा असते. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. जबाबदारी तुमची होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नका. ठाण्यात नोंद होत नसेल तर तक्रार ऑनलाइन पाठवा आणि तीन दिवसांत जाऊन सही करा. कलम 173 हा हक्क देते. पाच कोटींपर्यंतच्या भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून अर्ज करता येतो. महाराष्ट्रात या मार्गाने बँकांना भरपाई द्यावी लागल्याची उदाहरणे आहेत, पण आपल्या वस्त्यांत हा मार्ग फारसा कोणाला ठाऊक नाही.

आपल्या संघटनांनी मागण्याही नेमक्या कराव्यात. कलम 111 मधील सायबर गुन्ह्याची व्याख्या करा. प्रत्येक तालुक्यात सायबर तक्रार घेणारा प्रशिक्षित अधिकारी द्या. खाते गोठवले तर सरकारी शिष्यवृत्ती आणि घरकुलाची रक्कम त्यातून मोकळी ठेवा. आणि खाते भाड्याने देणाऱ्या पोराला पकडल्यावर तपास तिथेच थांबवू नका; ते खाते त्याच्याकडून कोणी घेतले, इथून तो पुढे न्या.