श्रद्धेचा काढा

देवावर भार टाकला कीं मन शांत होतें व प्रकृतिही सुधारते, असा उपदेश हल्लीं प्रवचनांतून, पुस्तकांतून आणि समाचारास येणाऱ्या आप्तेष्टांकडून सर्रास होतो. उपदेशकांच्या हेतूविषयीं आमची तक्रार नाहीं, परिणामाविषयीं आहे. मुलगा गेलेल्या मातेनें 'देवानें माझेंच असें कां केलें?' म्हणून विचारावें, आणि भोंवतालच्यांनीं 'असें बोलूं नये, श्रद्धा ठेव' म्हणून तिचें तोंड बंद करावें, यांत तिचें कोणतें कल्याण साधतें?

या मंडळींना शास्त्राचा आधारही दाखवितां येईल. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ५५ व त्याहून अधिक वयाच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध केला. देवानें आपणांस टाकिलें, त्याचें आपल्यावर प्रेम उरलें नाहीं, अशा विचारांनीं ग्रासलेल्यांना दोन वर्षांच्या आंत मृत्यु येण्याचा धोका अधिक आढळला. 'पाहा, शंका जिवावर बेतते,' असें यावरून कोणी म्हणेल. त्यानें याच संशोधकांचा २००४ सालचा लेखही अवश्य पाहावा. ज्यांचा देवाशीं कलह दोन वर्षांनंतरही मिटला नव्हता, त्यांची प्रकृति खालावण्याचा संभव विशेष दिसला. म्हणजे खरें भय कलह मनांत कुजत पडण्याचें आहे. आणि तोंड दाबलेला कलह कुजणार नाहीं तर काय होईल?

हें शेवटचें अनुमान आमचें आहे. परंतु त्यास महाराष्ट्राची साक्ष आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळांत तुकोबांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. पुढें हेच तुकोबा विठ्ठलाशीं भांडले, त्यास निष्ठुर म्हणाले, त्याच्या थोरवीचा उपहासही त्यांनीं केला. वारकऱ्यांनीं हे अभंग लपवून ठेविले नाहींत. टाळमृदंगाच्या गजरांत, चारचौघांत गाइले. एकाचें भांडण सर्वांचें झालें. त्यांत श्रद्धा बुडाली, असें कोणत्याही वारकऱ्यास वाटलें नाहीं.

श्रद्धा हा प्रकृतिमान सुधारण्याचा काढा नव्हे. काढा लागू पडला नाहीं, तर दोष रोग्याच्या माथीं मारावयाचा, ही वैद्यकी तर निव्वळ निर्दयपणाची. ज्या विठ्ठलानें तुकोबांचें भांडण सोसलें, त्याला त्या मातेचा एक प्रश्न जड होईल काय? जड होतो तो आपणांस, कारण त्यास आपल्यापाशीं उत्तर नसतें. तेव्हां समाचारास जातांना उपदेश घरीं ठेवावा, आणि ती बोलेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.