भांडे फुटलेले नाही, कल्हई गेली आहे

कावेरीकाठचे कुंभकोणम हे तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. भोसल्यांच्या तंजावर राज्यातले असल्याने मराठी माणसालाही ते परके नाही. कल्हई गेली म्हणून पितळेचे पातेले भंगारात घालण्याची रीत ना तिथे होती, ना महाराष्ट्रात. घराघरांतल्या जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र नेमके हेच होते. चित्र अडखळू लागले, पंखा घरघरू लागला, की ‘आता याचे वय झाले’ असा निकाल देऊन तो माळ्यावर टाकला जातो.

तामिळनाडूत अशा लॅपटॉपची संख्या मोठी आहे. २०११ साली जयललितांच्या सरकारने शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या वेळी दिलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज ७ सोबत ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही होती. सी-डॅक या सरकारी संस्थेने ती भारतीय भाषा ध्यानात घेऊन तयार केली. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ची देखभाल कंपनीने थांबवली आणि दोनच महिन्यांनी टाळेबंदीने शाळा बंद झाल्या. ज्या घरात दुसरे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, तिथे लिनक्सवर चालणारा जुना लॅपटॉप हाच वर्ग आणि हाच फळा ठरला. आजही धाकट्या भावंडाचा अभ्यास अनेकदा थोरल्याच्या लॅपटॉपवरच होतो. तो नीट चालणे ही म्हणूनच केवळ हौसेची बाब नाही.

काम एकाचे, भार दुसऱ्यावर

व्हिडिओ म्हणजे दाबून बांधलेले गाठोडे. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांच्या एका चित्रात नऊ लाखांहून अधिक ठिपके असतात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे दोन कोटी तीस लाख ठिपके पडद्यावर मांडावे लागतात. हे गाठोडे सोडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये एक स्वतंत्र कारागीर बसवलेला असतो. तो थोड्या विजेत, फारसा न तापता हे काम करतो. त्याच्यापर्यंत काम पोहोचलेच नाही, तर मुख्य प्रोसेसरला ते अंगावर घ्यावे लागते. मग यंत्र तापते, बॅटरी झरझर उतरते आणि आवाज पुढे, चित्र मागे अशी गत होते.

काम पोहोचत नाही याची मुख्य कारणे दोन. एक म्हणजे, चिपशी बोलणारा ड्रायव्हर बसवलेला नसतो किंवा चुकीचा बसलेला असतो. दुसरे म्हणजे, गाठोडे अशा पद्धतीने बांधलेले असते की जुन्या कारागिराला ती गाठच ठाऊक नसते. एच-२६४ ही पद्धत २००३ सालची, व्हीपी-९ ही २०१३ ची, तर एव्ही-१ ही २०१८ ची. २०११ सालच्या इंटेल चिपला एच-२६४ उत्तम कळते. व्हीपी-९ ची पूर्ण उकल इंटेलच्या चिपमध्ये २०१६ च्या सुमारास आली आणि एव्ही-१ ची २०२० मध्ये. यूट्यूब मात्र ब्राउझरला बहुधा नव्या पद्धतीचेच गाठोडे पाठवते. दोष यंत्राच्या वयाचा नसतो. दोघांची भाषा जुळत नाही, एवढेच.

तपासणी पायरीपायरीने

सर्व उपाय एकदम करून पाहू नयेत. कशाने गुण आला आणि कशाने बिघडले, हे मग कळत नाही.

पहिली पायरी : व्हिडिओ चालू असताना ‘टॉप’ ही आज्ञा देऊन प्रोसेसरवरचा भार पाहावा. भार सतत शिगेला असेल, तर कारागीर रिकामा बसला आहे असे समजावे. भार कमी असूनही चित्र अडखळत असेल, तर आधी इंटरनेटची गती तपासावी.

दुसरी पायरी : ‘व्हीएइन्फो’ हे छोटे साधन बसवून चालवावे. चिपला कोणत्या पद्धती येतात, त्याची यादीच ते समोर ठेवते. ज्या पद्धतीच्या नावापुढे ‘व्हीएलडी’ ही अक्षरे दिसतील, ती उकलता येते. यादीऐवजी चूक दाखवणारा संदेश आला, तर ड्रायव्हरकडे वळावे. डेबियन वंशातल्या लिनक्सवर (बॉस त्यातलीच) २०१४ पूर्वीच्या इंटेल चिपसाठी ‘आय-९६५’ हा जुना ड्रायव्हर लागतो. नवा ‘आयएचडी’ त्या चिपना ओळखत नाही. एएमडीच्या चिपसाठी मेसाचा ड्रायव्हर आणि फर्मवेअरचे पॅकेज अशी दोन्ही हवीत. मूळ वापरकर्त्याच्या, म्हणजे ‘रूट’च्या नावाने यादी दिसते पण नेहमीच्या खात्यातून दिसत नाही, असे झाल्यास ते खाते ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ या गटांत घालावे.

तिसरी पायरी : ब्राउझर बाजूला ठेवावा. एच-२६४ मधली एखादी फाइल ‘एमपीव्ही’ या प्लेअरमध्ये लावावी. कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या, की चिपकडून उकल करून घेणे चालू वा बंद होते. नुसती आय ही कळ दाबली, की सध्या काय चालले आहे ते पडद्यावर दिसते. इथे चित्र सुरळीत चालले, तर यंत्र निर्दोष आहे आणि अडचण ब्राउझरमध्ये आहे, हे पक्के झाले.

चौथी पायरी : आता ब्राउझर. एच-२६४-इफाय या नावाचे एक मोफत जोडसाधन आहे. ते यूट्यूबकडे एच-२६४ मधलेच गाठोडे मागते. १०८० पर्यंतच्या दर्जाचे व्हिडिओ सहसा या पद्धतीत मिळतात. फायरफॉक्सची आवृत्ती मात्र नवी असावी. २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवरील इंटेल चिपसाठी ही सोय आपोआप चालू असते.

जिथे उपाय थकतात

प्रत्येक यंत्र या उपायांनी ताळ्यावर येईल असे नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८ आणि ९ मालिकेतील कार्डांसाठी लागणाऱ्या ३४० क्रमांकाच्या ड्रायव्हरची देखभाल कंपनीने २०१९ अखेर थांबवली. नव्या लिनक्सवर तो बसवण्याच्या खटपटीत आठवडे घालवण्यापेक्षा हलका व्हिडिओ निवडणे शहाणपणाचे. काही जुन्या चिपवर उकल चालू केल्यावर हिरवे डाग दिसतात किंवा पडदा गोठतो. तिथे ती बंदच ठेवावी.

त्यातही निराश होण्याचे कारण नाही. गणिताचा धडा पाहताना फळ्यावरची अक्षरे वाचता आली, म्हणजे पुरे. त्याला ४८० चा दर्जा बहुतेक वेळा पुरतो. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्यानांची फाइल उतरवून घेता येते. ती प्लेअरमध्ये पाहिली, की ब्राउझरचा भारही टळतो. शिवाय पंख्यात साचलेली धूळ काढून घ्यावी. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि मग कोणताही ड्रायव्हर कामी येत नाही.

याच कुंभकोणममध्ये श्रीनिवास रामानुजन शिकले. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणिते करीत आणि उत्तर तेवढे वहीत उतरवीत. सारंगपाणी देवळाच्या रस्त्यावरचे त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. साधन साधे असून चालते. ते हाताशी मात्र असावे लागते. माळ्यावरचा लॅपटॉप भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी एक संध्याकाळ या चार पायऱ्यांसाठी द्यावी. घरातल्या एखाद्या मुलीचे वर्ष त्यामुळे वाचू शकते.