हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून अलीकडे एका नव्या थाटाचीं उपाहारगृहें पुष्कळ निघालीं आहेत. तीं महाग आहेत; पण महागपणाचा जुना दिमाख त्यांनीं टाकून दिला आहे. दारावर फेटेवाला दरवान नाहीं, मेजावर कडक इस्त्रीचें पांढरें कापड नाहीं, कोणता कांटा कोणत्या हातीं धरावा याची धास्ती नाहीं. भिंतींच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या, खुर्च्या एकीसारखी दुसरी नसलेल्या, पदार्थ मेजाच्या मध्यभागीं ठेवून चौघांनीं वांटून खाण्याचे, आणि वाढणारा तरुण आपलें नांव सांगून ओळखीच्या माणसासारखा बोलणारा. काळा घोडा, वांद्रें, लोअर परळ, कोरेगांव पार्क या भागांत अशीं स्थळें पावलोपावलीं आढळतात. आपल्या घरीं असल्यासारखे बसा, हें त्यांचें ब्रीद. या मोकळेपणाशीं आमचें भांडण नाहीं. आमचें भांडण आहे तें या मोकळेपणाच्या आडून बिलांत शिरणाऱ्या एका ओळीशीं. ती ओळ म्हणजे 'सर्व्हिस चार्ज'.

मोकळेपणाला आम्ही हलका लेखीत नाहीं, याला कारण आहे. चारचौघांत बसून परक्याच्या हातचें खाणें ही गोष्ट आपल्या समाजांत कधींच साधी नव्हती. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें झालेल्या चहापानामुळें न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादांत सांपडावें लागलें. पुढें कित्येक वर्षें हॉटेलांच्या पाट्यांवर जातीचा उल्लेख असे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसासाठीं पेला वेगळा ठेवला जात असे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचा स्पष्ट उल्लेख करून, तेथील प्रवेशाला धर्म, जात वा लिंग यांची आडकाठी चालणार नाहीं, असें लिहावें लागलें. एवढें मोल देऊन ही निःसंकोच बैठक आपल्याला लाभलेली आहे. तिचाच उपयोग गिऱ्हाइकाच्या भिडेवर पैसे मिळविण्यासाठीं व्हावा, याचा आम्हांला संताप येतो.

प्रथम हिशेब पाहूं. चौघांचें जेवण ६,००० रुपयांचें झालें असें समजा. त्याखालीं सेवेचे म्हणून दहा टक्के, म्हणजे ६०० रुपये, आपोआप चढतात. मग या ६,६०० रुपयांवर, मोठ्या हॉटेलांच्या आवारांतील कांहीं सोडल्यास बहुतेक उपाहारगृहांना लागू असलेला पांच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३३० रुपये. एकूण ६,९३०. सेवेची ओळ नसती तर हेंच बिल ६,३०० रुपयांचें झालें असतें. म्हणजे गिऱ्हाइकानें न मागितलेलें औदार्य केलें, आणि वर त्या औदार्यावर करही भरला! ही ओळ दोन करांच्या ओळींच्या शेजारीं अशा खुबीनें बसविलेली असते कीं, तीही सरकारचीच असावी, असें सामान्य माणसाला वाटावें. वस्तुतः त्या पैशांतील एक छदामही सरकारी देणें म्हणून आकारलेला नसतो.

कायद्याचें म्हणणें याविषयीं संदिग्ध होतें असेंही नाहीं. हें शुल्क ऐच्छिक आहे, असें केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानें २०१७ सालींच सांगितलें होतें. पुढें ४ जुलै २०२२ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मार्गदर्शक सूचना काढल्या. हें शुल्क बिलांत आपोआप घालूं नये; दुसऱ्या कोणत्याही नांवानें तें वसूल करूं नये; तें न देणाऱ्याला प्रवेश वा सेवा नाकारूं नये; आणि तें बिलांत मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावूं नये. मालकांच्या संघटना दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या व त्याच महिन्यांत त्यांनीं या सूचनांना स्थगिती मिळविली. परंतु २८ मार्च २०२५ रोजीं त्याच न्यायालयाच्या एकसदस्य पीठानें त्यांच्या याचिका फेटाळल्या, सूचना वैध ठरविल्या आणि प्रत्येक याचिकेमागें एक लाख रुपयांचा खर्च बसविला. त्यावर अपील दाखल झालें. आपल्याकडे अपील हें पुष्कळदां न्यायापेक्षां अवधि मिळविण्याचेंच साधन असतें.

मालकपक्षाचें पहिलें उत्तर असें कीं, हा पैसा आमच्या खिशांत जात नाहीं. वाढप्यापासून भांडीं घासणाऱ्यापर्यंत सर्वांना तो वांटला जातो. वांटला जात असेल तर उत्तमच. पण मग प्रश्न उरतो कीं, आपल्या नोकरांना पुरेसें वेतन देण्याचें पुण्य मालकानें गिऱ्हाइकाच्या पैशानें कां जोडावें? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें म्हणतात तें याहून निराळें काय आहे? शिवाय वांटणी होते याला प्रमाण कोणतें? ब्रिटनमध्यें २०२३ सालीं यासाठीं खास कायदा झाला, व १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेचा आणि सेवाशुल्काचा पैसा काटछाट न करतां कामगारांना देणें व त्याची नोंद ठेवणें मालकांना भाग पडलें. त्या देशांत असा कायदा करण्याची गरज भासली, यावरूनच केवळ मालकाच्या शब्दावर विसंबून चालत नाहीं, हें उघड होतें.

दुसरें उत्तर असें कीं, मेन्यूच्या तळाशीं आम्ही हें छापलेलें असतें, आणि कोणी हरकत घेतली तर आम्ही ती रक्कम काढूनही टाकतों. या उत्तरांतच सारी मेख आहे. चार स्नेही दोन तास हंसतखेळत बसलेले; वाढणाऱ्यानें अगत्य केलेलें; आणि अशा वेळीं यजमानानें सहाशे रुपयांसाठीं आवाज चढवावा! पाहुण्यांदेखत कोण असा शोभा करून घेईल? हरकत घ्यावयाची ती पुन्हा त्या वाढणाऱ्या तरुणापाशींच. म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढल्याचें पाप आपल्या माथीं. जुन्या दिमाखाच्या हॉटेलांत माणूस निदान सावध तरी बसत असे. येथें घरच्यासारखें वातावरण करून त्याला आधीं बेसावध केलें जातें, आणि मग त्याच्या शरमेची किंमत वसूल केली जाते. ज्या घरीं पाहुण्याला भीड घालून पैसे घेतले जातात, त्या घराला घर म्हणण्याची रीत मराठींत तरी नाहीं.

यावर कोणी म्हणेल, तर मग सक्ति नको, ज्यानें त्यानें खुषीनें बक्षिसी द्यावी. आम्हांला हेंही पुरेसें वाटत नाहीं. खुषीची बक्षिसी कोणी देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याच्या घरचा किराणा परक्याच्या लहरीवर अवलंबून आहे, त्याचें हास्य हें अगत्य नसून अजीजी असते. गिऱ्हाइकाला मोकळें वाटावें म्हणून वाढप्यानें रोज रात्रीं लाचार व्हावें, हा मोकळेपणा एकतर्फीच म्हटला पाहिजे. सरळ मार्ग एकच आहे: श्रमाचें मोल पदार्थाच्या छापील किमतींत धरा. फ्रान्समध्यें १९८७ पासून दरपत्रकांतील किमती सेवेचा आकार धरूनच लिहाव्या लागतात, आणि तेवढ्यानें तेथील पाककलेला कांहीं उणेपणा आलेला नाहीं. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनीं २०१५ सालीं आपल्या उपाहारगृहांतून टिप बंद करून असेच दर लावले होते. २०२० सालीं महासाथीच्या काळांत त्यांनीं तो उपक्रम मागें घेतला. हें उदाहरण आमच्या तोंडावर फेंकलें जाईल. पण त्यांतून आम्ही घेतों तो धडा निराळा आहे. एकट्यानें खरा दर छापला तर शेजाऱ्याचा अर्धवट दर स्वस्त दिसणारच. म्हणून हा नियम सर्वांना एकदम लागू असला पाहिजे.

आणि यासाठीं फ्रान्सलाच जावयास पाहिजे असें कोठें आहे? लोअर परळच्या ज्या आवारांतून आज हीं उपाहारगृहें थाटलेलीं आहेत, तेथें एके काळीं कापडाच्या गिरण्या होत्या, आणि त्या गिरण्यांतील कामकऱ्यांना आसपासच्या चाळींतील बाया खाणावळ घालीत. त्या बायांना रास्त मोल मिळे असें आम्ही म्हणत नाहीं. सावकारीच्या पाशांतून त्यांना सोडविण्यासाठीं १९७५ सालीं प्रेमा पुरव यांना अन्नपूर्णा महिला मंडळ उभारावें लागलें. पण त्यांच्या व्यवहारांत एक सचोटी होती. दर एकच, आणि डाळ, तांदूळ, सरपण व राबणारे हात या सर्वांचें मोल त्या एका आंकड्यांत. जेवणाऱ्याला भाकरी वाढून झाल्यावर वाढल्याबद्दल निराळी रक्कम मागावी, हें त्यांच्या मनांतही आलें नाहीं.

उपाहारगृहांच्या मालकांना आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, पदार्थ सहाशेंचा असेल तर तो सहाशेंचाच छापा. पाचशें चाळीस छापून साठांसाठीं नोकराला पुढें करूं नका. दर पाहून कोणी दारांतून परत गेला तर तो त्याचा हक्क आहे. आणि वाचकांना आमची विनंति आहे कीं, त्यांनीं ती ओळ काढून टाकावयास सांगावी, मोठ्यानें सांगावी, आणि तें वाढणाऱ्याला नव्हे तर व्यवस्थापकाला बोलावून सांगावें. वाढणाऱ्याचें काम आवडलें असेल तर त्याला जें द्यावयाचें तें त्याच्या हातीं द्यावें. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडे म्हणतात. सहाशें रुपयांसाठीं तिला रोज पोसण्याचें आपल्याला कांहीं कारण नाहीं.