विशेष शिक्षक कामगार वस्तीत कधी येणार?

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात रोजंदारीवर राबणाऱ्या कामगाराच्या मुलाला नीट ऐकू येत नसेल किंवा अक्षरओळख जड जात असेल, आणि शाळेत विशेष शिक्षक नसेल, तर त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. दोष मुलाचा नव्हे. शारीरिक उणिवेपेक्षा तिच्यापायी समाजाने मुलाला दूर लोटणे अधिक घातक, हे सोविएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९२०च्या दशकातच मांडले होते.

२०१६च्या कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर अशा दर १० व उच्च प्राथमिक स्तरावर दर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा, असा निकष ठरवला. तरीही राज्यांनी चालढकल केली. मार्च २०२५मध्ये पदे जाहीर करण्याचा आदेश न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. इकडे विशेष शिक्षणाच्या पदव्या घेतलेले अनेक तरुण कंत्राटी मानधनावर राबत आहेत. मूल उपेक्षित आणि शिक्षकही शोषित!

म्हणून वेतन व बोनसबरोबरच औद्योगिक वस्तीतील सरकारी शाळांत कायम विशेष शिक्षक नेमण्याची मागणी कामगार संघटनांनी हाती घेतली पाहिजे. संघटित रेट्याशिवाय हा कायदा कागदावरच राहील.