फॉगची पैज, पासपार्तूच्या हाती

मुंबईहून कलकत्त्याला निघालेली आगगाडी वाटेत थांबते, कारण पुढे रूळच टाकलेले नाहीत. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावलेला फिलिअस फॉग शांतपणे हत्ती शोधतो. हत्तीचा मालक भाड्याने द्यायला राजी नाही. तासाला दहा पौंड, वीस, चाळीस, तरी नाहीच. मग फॉग हत्ती विकतच मागतो. हजार, बाराशे, पंधराशे, अठराशे असं चढत चढत दोन हजार पौंडांवर सौदा पटतो आणि मंडळी जंगलात शिरतात.

ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ १८७२ साली पॅरिसच्या ‘ल ताँ’ या दैनिकात क्रमशः आली. तिचा सांगाडा मुळातच खेळाचा आहे. ठरलेली मुदत, हाताशी मोजकी रक्कम, जोडीला अडथळे आणि पर्यायी वाटा. त्यामुळे ‘इंकल’ या केंब्रिजच्या छोट्या कंपनीने २०१४ साली तिच्यावरून ‘८० डेज’ हा मोबाइलवर खेळायचा गेम काढला, यात नवल नाही. त्याचं बरंचसं लेखन मेग जयंत यांचं. गेम म्हटला तरी तो प्रामुख्याने वाचायचाच आहे. सुरुवातीलाच त्यात सुमारे पाच लाख शब्द होते, आणि एका फेरीत त्यांतला थोडासाच भाग समोर येतो. प्रश्न असा की वाचकाच्या हाती सुकाणू दिल्यावर व्हर्नची कादंबरी कितपत उरते?

मुळाशी प्रामाणिक राहण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरमार्गे मार्च १८७० मध्येच पूर्ण झाला होता. फॉग येतो १८७२च्या ऑक्टोबरात. म्हणजे ज्या तुटक्या रुळांमुळे हत्ती घ्यावा लागतो, ते व्हर्नने कथेच्या सोयीसाठी तुटके ठेवले. पुढे १८७४ मध्ये त्याने स्वतःच दॅनरी या नाटककाराच्या साथीने कादंबरीचं नाटक केलं, नवी पात्रं घातली, पॅरिसच्या रंगमंचावर खराखुरा हत्ती आणला. आणि ज्या फुग्यामुळे ही कथा अनेकांना ओळखीची वाटते, तो कादंबरीत नाहीच. १९५६च्या हॉलिवूडपटाने तो तिच्या माथी मारला. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, तोही मराठी मुलांच्या कलाने. तेव्हा बदल केला म्हणून या गेमला दोष देता येत नाही. बदल कुठे केला, हे मात्र पाहायला हवं.

सर्वांत मोठा बदल आम्हाला मनापासून पटतो. गेममध्ये आपण फॉग नसतो, त्याचा फ्रेंच नोकर पासपार्तू असतो. तिकिटं काढायची, पेटीत काय भरायचं ते ठरवायचं, एका शहरातली वस्तू दुसऱ्या शहरात विकून खर्च भागवायचा, मालकाच्या तब्येतीकडे बघायचं, हे सगळं आपल्याकडे. पैसे संपले तर बँकेत जावं लागतं, आणि तिथे दिवस मोडतो. कादंबरीतला फॉग गाडीत, बोटीत पत्ते खेळत बसतो. बाहेर बघायची त्याला गरजच वाटत नाही. जग बघतो तो पासपार्तू. मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरणारा आणि मार खाऊन अनवाणी पळत सुटणारा तोच. व्हर्नने कुतूहल नोकराला दिलं होतं, निर्णय मालकाला. गेमने दोन्ही नोकराला दिले. कादंबरी बारकाईने वाचल्याशिवाय हे सुचत नाही.

पण त्याची किंमत आहे, आणि ती थोडी नाही. हाँगकाँगचा प्रसंग घ्या. बोट ठरल्याआधीच सुटणार आहे, हे पासपार्तूला कळलेलं असतं. मालकाला सांगायच्या आत फॉगच्या मागावर असलेला डिटेक्टिव्ह फिक्स त्याला अफूच्या अड्ड्यात नेतो, स्वतःचा डाव उघड करतो आणि पासपार्तू बधत नाही असं दिसताच त्याला अफूने बेशुद्ध पाडतो. वाचकाला सगळं दिसत असतं आणि काहीही करता येत नाही. त्या हतबलतेतच प्रसंगाची गंमत आहे. ‘पुढे काय कराल?’ असं विचारणाऱ्या कथेत ती तशी उतरत नाही. आपणच पासपार्तू झालो की त्याच्यापेक्षा जास्त माहीत असण्याचं सुख जातं. शेवटच्या कलाटणीचंही तसंच. (ती इथे सांगत नाही, न वाचलेल्यांचा हक्क आहे.) एकाच वाटेने एकाच ठिकाणी नेणाऱ्या लेखकालाच तशी कलाटणी पूर्ण ताकदीने देता येते.

दुसरी शंका इतिहासाची, आणि तिथे आमचं मत अजूनही हेलकावे खातं. गेममधलं १८७२चं जग कल्पित आहे. वाफेची अजब यंत्रं, चालते-बोलते यांत्रिक प्राणी, आणि वसाहतींतल्या माणसांच्या हातीही तंत्र आणि सत्ता. यामागची तळमळ कळते. व्हर्नची औदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, पण ती पहिल्यांदा दिसते ती नशेत गुंगवलेली, सती नेली जात असलेली. युरोपियनांनी वाचवावं म्हणूनच जणू ती तिथे असते. आज तो प्रसंग जसाच्या तसा खेळायला देणं कोणत्याही विचारी लेखिकेला जमलं नसतं. वाटेत भेटणाऱ्या लोकांना स्वतःची कामं आहेत, त्यांतली बरीचशी फॉगच्या पैजेशी संबंध नसलेली, ही या लेखनाची खरी श्रीमंती आहे. तरीही खरं १८७२ वेगळं होतं. तेव्हाचे रूळ, तारा आणि गोदी कोणाच्या पैशातून, कोणाच्या घामातून आणि कोणाच्या सोयीसाठी उभ्या राहिल्या, हे विचारायची वेळ कल्पित जगात कमी येते. अन्याय उलटा करून दाखवला की मनाला बरं वाटतं, पण मूळ अन्याय धूसर होतो. आमच्या मते तराजू तरीही गेमच्या बाजूने झुकतो, कारण गप्प बसवलेल्या माणसांना बोलतं करणं हे पहिलं काम आहे, आणि ते या लेखनाने जीव ओतून केलं आहे.

मग घरातल्या मुलाच्या हाती आधी काय द्यावं? कादंबरी. तिची कलाटणी आयुष्यात एकदाच अंगावर येते. गेम पुन्हा पुन्हा खेळायलाच लिहिला आहे, आणि ज्याला फॉगचा मार्ग पाठ आहे त्यालाच तो मोडून दुसरीकडून निघण्यातली खरी मजा कळते.