दुकान खाली, घर वर

गांधीबागेच्या कापडबाजारात सायंकाळचे एक दृश्य आजही क्वचित दिसते. सूर्य कलू लागला की जुन्या पेढीतील वडीलधारे गादीवरून उठतात, अरुंद जिना चढतात आणि चौविहारापूर्वीचे जेवण उरकतात. खाली मुलगा गिऱ्हाईक सांभाळतो. खाली पेढी, वर संसार आणि शेजारच्या भावाच्या घराला लागून भिंत. ही रचना केवळ आपल्याच व्यापारी समाजाची, असा समज मात्र खरा नव्हे.

इंग्लंडमधील लिंकन शहरात, टेकडीवरील कॅथेड्रलकडे जाणाऱ्या उभ्या चढाच्या पायथ्याशी, दोन दगडी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत : ज्यूज हाउस आणि ज्यूज कोर्ट. पहिले बाराव्या शतकाच्या मध्यातले. भिल्लम यादवाने देवगिरीला राजधानी वसवली त्याच्याही आधीचे. तळमजला व्यवहारासाठी, मुख्य दालन वरच्या मजल्यावर. त्या दालनातील शेकोटीचे धुराडे रस्त्याकडील भिंतीत आहे आणि त्याचा भार खालच्या प्रवेशद्वाराच्या कोरीव अर्धवर्तुळाकार कमानीने पेलला आहे. एकाच कमानीकडून शोभा आणि आधार अशी दोन कामे करून घेणारा गवंडी हिशेबी असला पाहिजे!

दगडच का, याचे उत्तर व्यवसायात आहे. भोवतालची बहुतेक घरे लाकडी. एक ठिणगी गल्ली खाक करी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ज्यूंना बहुतेक धंद्यांची दारे बंद असल्याने सावकारी हाच मोठा आधार होता. गहाणवस्तू आणि कर्जखते राखायची तर भिंत भक्कम हवी. याच शहरातील सावकार ॲरन 1186 मध्ये वारला, तेव्हा सुमारे 430 ऋणकोंकडे त्याचे 15,000 पौंड येणे होते. राजाने सारी मालमत्ता जप्त केली आणि केवळ त्या वसुलीसाठी स्वतंत्र खाते उघडले. धनको गेला, कर्जदारांची सुटका मात्र झाली नाही. नुसता वसूल करणारा बदलला.

ज्यूज हाउस बेलासेट नावाच्या स्त्रीकडे होते. नाण्यांच्या कडा कातरल्याच्या आरोपावरून तिला फाशी झाली. 1290 मध्ये पहिल्या एडवर्डने समस्त ज्यूंना देशाबाहेर काढले. आगीला पुरून उरलेल्या भिंती राजाज्ञेपुढे निरुपयोगी ठरल्या. घर राहिले, घरधनी गेले.

शेजारचे ज्यूज कोर्ट पुढे इतके बदलत गेले की मूळचे फारसे उरले नाही. विसाव्या शतकात ते पाडण्याच्या यादीत होते. स्थानिक इतिहासप्रेमी संस्थेने ते वाचवले. इतवारी-गांधीबागेतील सागवानी खांबांची जुनी घरे उतरवून तेथे व्यापारी संकुले उभी राहत आहेत. वाटणीची आणि भाड्याची निकड समजण्यासारखी आहे. पण पाडण्यापूर्वी निदान नकाशा काढून घेणे फार खर्चाचे नाही.

ज्यूज कोर्टात पूर्वी ज्यूंचे प्रार्थनास्थळ होते अशी लिंकनमधील परंपरा सांगते. पुरावा तोकडा आहे. तरीही 1992 पासून शहरातील लहानसा ज्यू समाज तेथेच पुन्हा प्रार्थनेसाठी जमतो.