गीतकाराची नाममुद्रा : ठाणे-कल्याण परिसरातील एक विस्मरण

गीत लोकांच्या ओठांवर असते म्हणून त्याचा कर्ताही लोकांच्या स्मरणात असतो, असे नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरातील लोकप्रिय गीतरचनेचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. वाङ्मयीन सत्काराची या शहरांत वाण नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने. अखिल भारतीय साहित्य संमेलन ठाण्यात २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये भरले. प्रश्न सत्काराचा नाही, अभ्यासाचा आहे. आणि त्याचे उत्तर देण्याचे दायित्व आपल्यावर, म्हणजे महाविद्यालयांतील मराठी विभागांवर, येते.

पी. सावळाराम यांचे उदाहरण घेऊ. निवृत्ती रावजी पाटील हे त्यांचे मूळ नाव. जन्म ४ जुलै १९१४, सांगली जिल्ह्यातील येडेनिपाणी. निधन २१ डिसेंबर १९९७. ठाणे ही त्यांची कर्मभूमी. या शहराचे नगराध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ‘जनकवी’ हे बिरूद त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले. ठाणे महानगरपालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते, आणि ‘गंगा-जमुना’ हे त्यांच्या गाजलेल्या गीतावरून घेतलेले नाव दुसऱ्या एका पुरस्काराला मिळाले आहे. एखाद्या शहराने आपल्या गीतकाराची याहून अधिक जाहीर आठवण ती काय ठेवावी? तरीही पुरस्काराच्या बातमीत पुरस्कार मिळविणाऱ्याचे कर्तृत्व विस्ताराने येते. ज्याच्या नावाचा पुरस्कार, त्याच्या रचनेविषयी एखादे वाक्यही क्वचितच असते. नाव टिकते, पण त्या नावाचा आशय हळूहळू रिता होतो.

याचे एक कारण आपल्या परिभाषेत दडलेले आहे. ‘भावगीत’ ही संज्ञा आरंभी आत्मपर, भावप्रधान कवितेसाठी सर्रास वापरली जात होती. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३२ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आली. त्यानंतर त्या संज्ञेचा अर्थ क्रमाने पालटला आणि ‘गायिलेली कविता’ या अर्थी ती रूढ झाली. हा पालट घडताच समीक्षेने भावगीताकडे पाठ फिरवली. छापलेली ती कविता आणि गायिलेली ती करमणूक, अशी विभागणी न बोलता झाली. याच विभागणीमुळे पुढे सावळारामांसारखे गीतकार संगीतविषयक लेखनात उल्लेखापुरते आले आणि वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरते उरले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, गीत चालीवर जगते. चाल काढून घेतली की कागदावर फिके शब्द तेवढे उरतात. आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. अभंग, लावणी, पोवाडा हे सारेच प्रयोगाधिष्ठित प्रकार आहेत, आणि प्रयोगाचे भान ठेवूनच आपण त्यांच्या संहिता शिकवितो. मग तोच न्याय भावगीताला का नसावा? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे ही या प्रकाराची रूढ बांधणी त्या मर्यादेशी निगडित आहे. एवढ्या अवकाशात प्रसंग उभा करायचा, बोलणाऱ्याचे नाते सूचित करायचे आणि प्रत्येक अंतऱ्याच्या शेवटी ध्रुवपदाला नवा अर्थ मिळवून द्यायचा, हे रचनाकौशल्याचे काम आहे. ‘गंगा-जमुना’ या गीतात पाठवणीच्या क्षणी माहेरचा जाणता आवाज मुलीशी बोलतो. जात्यावरच्या ओवीने शतकानुशतके सांभाळलेला हा प्रसंग. ओवीतील सासर-माहेर तीन मिनिटांच्या नागर गीतात कसे आले, येताना त्यातील काय गळले आणि काय नवे आले, हा एका प्रबंधिकेचा विषय नव्हे काय?

गीतकाराचे विस्मरण आणखी एका वाटेने होते. सावळारामांचेच ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे गीत वसंत प्रभू यांनी स्वरबद्ध केले, लता मंगेशकर यांनी गायिले. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात ते मा. दीनानाथ आणि त्यांची कन्या यांच्याशी इतके एकरूप झाले आहे की, गायिकेचे चरित्र हाच गीताचा अर्थ ठरतो. श्रोत्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभ्यासकानेही तेथेच थांबावे काय? ज्याने ते शब्द योजिले त्याची दृष्टी, त्याची प्रतिमासृष्टी, त्याच्या इतर रचनांशी त्या गीताचे नाते, हे सारे गायिकेच्या थोर छायेत दिसेनासे होते.

कल्याणकडे वळले की हाच प्रश्न निराळ्या रूपात भेटतो. कल्याणमध्ये राहिलेले लोकगायक प्रल्हाद शिंदे (निधन २००४) यांच्या आवाजातील ‘पाऊले चालती’ हे गीत आज भजनी मंडळांतून पारंपरिक अभंगासारखे गायिले जाते. ते दत्ता पाटील यांनी लिहिले आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली, हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे असे, गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत. कॅसेटवरून कॅसेट उतरविली गेली की ते वेष्टनही मागे राही. याउलट वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांच्या अखेरीस ‘वामन’ ही नाममुद्रा येते. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली ही रीत आंबेडकरी गीतपरंपरेने जपली. त्यामुळे गीत कुणीही, कुठल्याही वस्तीत गायिले तरी कर्त्याचे नाव संहितेतच वावरते. भावगीतकाराने सामान्यतः ही मुद्रा सोडली आणि आपले नाव ध्वनिमुद्रिकेच्या लेबलावर व निवेदकाच्या सौजन्यावर सोपविले. लेबल गेले, निवेदनही गेले. नावही त्यांच्याबरोबर जाणारच.

म्हणून आता त्या लेबलाचे काम मराठी विभागांनी करावे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील महाविद्यालयांनी आपापसांत गीतकार वाटून घ्यावेत. पदव्युत्तर वर्गातील एकेका विद्यार्थ्याने एका गीतकाराची सूची करावी : गीत, गायक, संगीतकार, ध्वनिमुद्रिका की चित्रपट, वर्ष, छापील पाठ आणि गायिलेला पाठ यांतील फरक. जुन्या ध्वनिमुद्रिका, चित्रपटांच्या गीतपुस्तिका, भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या ही या कामाची साधने आहेत. ती अद्याप घरांतून सापडतात, आणि घरे पाडून नवी बांधली जाताना रद्दीतही जातात. वसंत प्रभू आणि सावळाराम यांच्यामागून २०२२ मध्ये लता मंगेशकरही गेल्या. त्या त्रयीपैकी विचारायला आता कुणी उरलेले नाही. त्यांचे पहिले श्रोते आज ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना मात्र अजून विचारता येईल.

या कामाला गौरवाचे स्वरूप येऊ नये, एवढी दक्षता घ्यावी लागेल. लोकप्रिय गीतकाराने मागणीनुसार पुष्कळ लिहिलेले असते; त्यात पुनरुक्ती असते, सांकेतिक प्रतिमा असतात, सैल ओळीही असतात. ते निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. ज्याच्या उणिवांची चर्चा करण्याइतकेही आपण ज्याला वाचीत नाही, त्याच्या नावाने समारंभ करणे हा त्याचा सन्मान नव्हे. सावळारामांना शहराने पुरस्कारात जागा दिली आहे. वर्गात, फळ्यावर आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत त्यांना जागा देणे आपल्या हाती आहे.